सहाशेतला तो एक येतो कुठून?

'द लॉस्ट टूम ऑफ जीझस' हा २००७ चा माहितीपट बघितला नसेल तर बघा, पण हातात वही-पेन घेऊन. निर्मात्यांमध्ये 'टायटॅनिक'वाले जेम्स कॅमेरॉन आहेत, त्यामुळे बघायला मजा येतेच.

१९८० मध्ये जेरुसलेमच्या तालपियोत भागात बांधकाम चालू असताना खडकात कोरलेली एक कबर सापडली. आत चुनखडीच्या दहा अस्थिपेट्या. सहांवर नावं: 'योसेफचा मुलगा येशू', मारिया, योसे, मत्या, 'येशूचा मुलगा यहूदा', आणि ग्रीक लिपीत 'मरियामेनू मारा'. माहितीपट म्हणतो, हे नाझरेथच्या येशूचं कुटुंब; तसं नसण्याची शक्यता ६०० मध्ये १.

हा आकडा संख्याशास्त्रज्ञ आंद्रे फॉयरवर्गर यांच्या गणितातून आला. नावांच्या वारंवारतेचा गुणाकार केला की २४ लाखांत १ येतं. त्याला चारने भागायचं, मग जेरुसलेममधल्या अंदाजे हजार कबरींसाठी हजाराने. झाले ६००. गणितात चूक नाहीये. पण गुणाकारात कोणती नावं घेतली ते बघा. मत्या बाजूला, यहूदाही बाजूला! येशूला मुलगा असल्याची नोंद कुठल्याच जुन्या परंपरेत नाही, म्हणजे हे नाव दाव्याच्या विरोधात जायला हवं होतं. तुमच्या प्रयोगात न जुळणारे बिंदू असे 'बाजूला' ठेवलेत तर गाईड काय म्हणतील?

उलट 'मरियामेनू'ला भलतंच वजन दिलंय. ती मग्दालाची मरिया, असं मानलंय, आणि तो आधार 'अ‍ॅक्ट्स ऑफ फिलिप' या चौथ्या शतकाच्या सुमारच्या ग्रंथाचा. अभ्यासक स्टीफन फान यांनी तर ते अक्षर 'मरियामे आणि मारा' असं वाचलं, म्हणजे दोन बायका. मरिया हे त्या काळी ज्यू स्त्रियांमध्ये सर्वात जास्त ठेवलं जाणारं नाव होतं. हे वाचन घेतलं की आकडा कोसळतो.

डीएनएचं तर विचारूच नका. दोनच पेट्यांमधले नमुने तपासले, तेही मायटोकाँड्रियल. तो फक्त आईकडून येतो. दोघांची आई एक नाही, आईकडून नातं नाही, एवढंच त्यातून कळतं. पण माहितीपट थेट 'नवरा-बायको असावेत' इथे उडी मारतो. बाप-लेक का नाही? आत्या-भाचा? दीर-भावजय? शिवाय एकेका पेटीत अनेकदा एकापेक्षा जास्त माणसांच्या अस्थी असत, म्हणजे नमुना नाव कोरलेल्या माणसाचाच होता हेही गृहीतच. बाकीच्या पेट्यांशी तुलना नाही, कंट्रोल नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टलासुद्धा हे चाललं नसतं.

फॉयरवर्गर यांचा शोधनिबंध २००८ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स'मध्ये इतर तज्ज्ञांच्या टिपणांसह छापून आला. सगळं गणित गृहीतकांवर उभं आहे हे ते स्वतः मान्य करतात. माहितीपटानंतर तो वाचायला घ्या, आणि आधी टिपणं वाचा, मग निबंध.