डी फॉर डॉक्टर, डी फॉर देशमुख?

गेवराईच्या माझ्या एका ज्युनियरने परवा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय असा: आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर आणि व्यवसायाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर जुळतं का? डॉक्टर डी वरून. देशमुख, धस, डोंगरे, ढाकणे हेही डी वरून. जिल्ह्यातल्या डॉक्टरांची यादी घ्यायची, काय-स्क्वेअर लावायचा, झालं. त्याची पेटची मुलाखत तोंडावर आलीय. फोनवर जे बोललो तेच इथे लिहितो, कारण असे विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतंच.

कल्पना जुनी आहे. पेल्हम, मिरेनबर्ग आणि जोन्स यांनी २००२ मध्ये जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजीत पेपर छापला. अमेरिकेतल्या डेंटिस्टांमध्ये त्यांना ४८२ डेनिस सापडले, पण वॉल्टर २५७ आणि जेरी २७० च. जनगणनेत मात्र ही तिन्ही नावं साधारण सारखीच. म्हणजे डेनिसला डेंटिस्ट हा शब्द नकळत जवळचा वाटतो, असा निष्कर्ष. याला आधार होता न्यूटिन यांच्या १९८५ च्या प्रयोगाचा: माणसाला स्वतःच्या नावातली अक्षरं इतर अक्षरांपेक्षा जास्त आवडतात. एवढं मला पटतं. घोळ आहे तो 'अक्षर आवडतं' वरून 'पेशा निवडला' इथे मारलेल्या उडीत.

२०११ मध्ये उरी सायमनसन यांनी त्याच जर्नलमध्ये साधी गोष्ट केली. त्यांनी वकील तपासले. तिथेही डेनिस जास्तच! आता 'लॉयर'मध्ये डी कुठून आणायचा? कारण पिढीचं होतं. वॉल्टर हे आजोबांच्या पिढीचं नाव. जनगणनेत हे आजोबा मोजले जातात, पण कामावर असलेल्यांच्या यादीत ते नसतात.

आता हेच आपल्याकडे आणून बघा. देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब ठेवणारा वतनदार. अशा घरांत लिहिणं-वाचणं पिढ्यान्‌पिढ्या आधी आलं. डॉक्टरांच्या यादीत डी वर आला, तर त्यात डॉक्टर या शब्दाचा हात किती आणि वतनाचा किती? वकील, इंजिनिअर, प्राध्यापक यांच्या याद्या शेजारी ठेवल्याशिवाय हे सांगताच येत नाही. सिनॉप्सिसमध्ये अशी एकही कंट्रोल यादी नव्हती. सुतार, लोहार, जोशी यांच्या बाबतीत तर गाडी उलटीच धावते, तिथे पेशाने आडनाव दिलंय.

बीडच्या माणसाने तर हे विसरूच नये. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी नेमप्लेटवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवली, कारण इथे आडनाव वाचलं की लोक जात वाचतात. ज्या जिल्ह्यात ही वेळ येते, तिथे आडनावाला 'एक अक्षर' समजून एक्सेलच्या रकान्यात टाकणं मला भाबडेपणाचं वाटतं. खरं तर थोडं धोक्याचंही. कारण उद्या कुणी तुझाच तक्ता घेऊन म्हणेल, अमक्यांना डॉक्टरकी 'आवडतच' नाही. आणि फी, कॉलेज, क्लास, जमीन हे सगळं त्या 'आवडी'च्या मागे झाकलं जाईल.

दुसरा मुद्दा लिपीचा. द, ध, ड, ढ ही आपली चार अक्षरं इंग्रजीत एकाच डी मध्ये कोंबली जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्याने आधी 'ढ' गिरवला, त्या ढाकणेला डी आवडतो हे गृहीत कसं धरलं? देवनागरीत 'डॉक्टर'शी डोंगरे जुळतो, देशमुख नाही. लिपी बदलली की निकाल बदलत असेल, तर आपण मन मोजत नसून स्पेलिंग मोजतोय. आणि स्पेलिंगचं काय सांगावं! आपलंच गाव कुठे Gevrai च्या उच्चाराने लिहितात, तर विधानसभेच्या यादीत जी-ई-ओ ने सुरू होतं. म्हणून काय गेवराईच्या पोरांनी जिऑग्राफीत एमए करायचं?

विषय टाकून दे असं मी त्याला म्हटलेलं नाही. उलट न्यूटिनचा प्रयोग दोन्ही लिप्यांत करून बघ म्हटलं: मराठी माध्यमाची मुलं आणि इंग्रजी माध्यमाची मुलं, अक्षरांच्या जोड्या, कुठलं जास्त आवडतं एवढंच विचारायचं. हे काम लहान आहे, पण होण्यासारखं आहे. त्यावर तो म्हणाला, "दादा, पण गाईडला डॉक्टरवालाच विषय आवडलाय."

मग निदान वकिलांची यादी तरी जोड, म्हटलं. सोमवारी तो कोर्टात जाऊन विचारणार आहे.