खोलीची किल्ली : लेखन शिकवणारे लेखक

लेखन शिकवता येते का, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून एखाद्या परिसंवादात चघळला जातो आणि 'प्रतिभा उपजतच असावी लागते' या वाक्यावर चहा येतो. मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो : जो लेखक पोटासाठी लेखन शिकवतो, त्याच्या स्वतःच्या लेखनाचे काय होते? अमेरिकेत याचा पुरावा भरपूर आहे. आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कादंबरीकार हा विद्यापीठाचा पगारी नोकर होऊन बसला. त्या पुराव्यातून मी एकच गुरुशिष्याची जोडी घेतो : जॉन गार्डनर आणि रेमंड कार्व्हर.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या चिको येथील सरकारी महाविद्यालयात कार्व्हर गार्डनरच्या वर्गात बसला. लाकूड गिरणीतल्या कामगाराचा हा मुलगा. विशीतच लग्न आणि दोन मुले. घरी लिहायला जागा नाही हे कळल्यावर गार्डनरने त्याला आपल्या कार्यालयाच्या खोलीची किल्ली दिली. शनिवार-रविवारी कार्व्हर तिथे लिहीत बसे. त्याच खोलीत गार्डनरची स्वतःची अप्रकाशित हस्तलिखिते पडलेली होती. गुरूची पहिली कादंबरी छापून यायला १९६६ उजाडले. म्हणजे जो शिकवत होता तो तेव्हा कुणी नामवंत नव्हता.

त्याची पद्धत कार्व्हरने पुढे गार्डनरच्याच 'ऑन बिकमिंग अ नॉव्हेलिस्ट' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. विद्यार्थ्याच्या गोष्टीतील ओळ न् ओळ, स्वल्पविरामासकट, तपासायची. काही दुरुस्त्यांवर वाद घालू द्यायचा, काहींवर नाही. आणि कागद परत करून पुन्हा लिहायला लावायचे. या शेवटच्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. कार्व्हरच्या आयुष्यात पुढे आणखी एक काटछाट करणारा आला, संपादक गॉर्डन लिश. १९८१च्या संग्रहातल्या कथा त्याने जवळजवळ निम्म्यावर आणल्या. कार्व्हरने आर्जवे केली, तरी पुस्तक तसेच निघाले. मूळ पाठ छापून यायला २००९ साल लागले. गार्डनर आणि लिश, दोघेही शब्द खोडणारेच. पण एकाची खूण विद्यार्थ्याच्या टेबलावर परत येत होती, दुसऱ्याची थेट छापखान्यात जात होती. शिकवणे आणि संपादणे यांतला फरक मला याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

आपल्याकडे हे काम वर्गात झालेच नाही. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, नेमाडे इंग्रजी. कथा-कादंबरीची शिकवणी चालली ती 'सत्यकथे'च्या कचेरीत आणि श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्या पत्रांतून. संपादक पुनर्लेखन सुचवी, लेखक ते करी किंवा रागावून दुसरीकडे जाई. पगार मात्र लेखकाला या शिकवणीतून मिळत नव्हता, आणि 'सत्यकथा' १९८२ साली थांबल्यावर त्या जागी कुठलाही विभाग उघडला नाही.

या पगाराची किंमत काय? गार्डनरपुरते बोलायचे तर तिचे दोन भाग पडतात. 'ग्रेंडेल' (१९७१) ही त्याची उत्तम कादंबरी 'बेवुल्फ'मधल्या राक्षसाच्या तोंडून सांगितली आहे. मध्ययुगीन इंग्रजीच्या प्राध्यापकाशिवाय ती संभवत नाही. उलट 'ऑन मॉरल फिक्शन' (१९७८) मध्ये वर्गातली छडी समकालीन लेखकांवर फिरते. वर्गात विद्यार्थ्याला उपयोगी पडणारी खात्री छापील पानावर उद्दाम वाटते, आणि त्या पुस्तकाने गार्डनरला मित्र कमी व शत्रू फार मिळाले. १९८२ साली मोटारसायकलच्या अपघातात तो गेला.

कार्व्हरची कहाणी अधिक वेडीवाकडी. १९७३ साली तो आयोवात शिकवायला गेला तेव्हा जॉन चीव्हरही तिथेच होता. दोघे मिळून दारू प्यायचे. टंकलेखन यंत्रावरची आवरणे निघालीच नाहीत, अशी कबुली कार्व्हरने पुढे दिली. त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या पदरात काय पडले असेल? अर्थात चीव्हरने त्यानंतर 'फाल्कनर' लिहिली, म्हणून निकाल देण्याची घाई नको. १९७७ साली कार्व्हरने दारू सोडली, १९८०पासून सिरॅक्यूज विद्यापीठात शिकवू लागला आणि 'कॅथीड्रल'च्या कथा याच नोकरीच्या काळात आल्या. त्या पूर्वीपेक्षा लांब आहेत, आणि लिशला त्याने तिथे हात आखडता घ्यायला लावला. मायकेल चिमिनोसाठी टेस गॅलघरबरोबर दोस्तोयेव्हस्कीच्या आयुष्यावर पटकथाही लिहिली. चित्रपट झाला नाही. म्हणजे नोकरीने त्याला मारले नाही, उलट सावरले.

तरीही १९८३ साली एका पारितोषिकाने त्याला पाच वर्षे दरसाल ३५,००० डॉलर देऊ केले आणि अट घातली की दुसरी नोकरी करायची नाही. कार्व्हरने सिरॅक्यूजचा राजीनामा दिला. त्या मोकळ्या वर्षांत त्याने आधी कविता लिहिल्या, दोन संग्रह भरतील इतक्या. मग पुन्हा कथा. चेखवच्या मृत्यूवरची 'एरंड' १९८७ची. पुढच्याच वर्षी, पाच वर्षांची मुदत संपत आली असताना, ऑगस्टमध्ये तो गेला, पन्नाशीत.