डिजिटल संज्ञापन आणि वयोगट : 'मूळ रहिवासी' या रूपकाची चिकित्सा (भिवंडी शहराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

एकविसाव्या शतकाच्या आरंभी माहिती तंत्रज्ञानाने मानवी व्यवहाराची बहुतेक क्षेत्रे व्यापली. या बदलाचे वर्णन करताना वयाचा निकष सर्वांत आधी पुढे आला. अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी 2001 मध्ये 'ऑन द होरायझन' या नियतकालिकातील लेखातून दोन संज्ञा रूढ केल्या. संगणक व भ्रमणध्वनी यांच्या सहवासात वाढलेली पिढी म्हणजे डिजिटल जगाचे 'मूळ रहिवासी' आणि प्रौढ वयात ही साधने शिकणारे ते 'स्थलांतरित'. स्थलांतरिताच्या बोलण्यात मातृभाषेचा हेल उरतो, तसा तो प्रौढांच्या तंत्रवापरातही उरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आलेला ई-मेल कागदावर छापून घेणे हे त्याचे एक उदाहरण. शिक्षणक्षेत्रात हे रूपक एवढे रुजले की 'मुलांना सारे येते, वडीलधाऱ्यांना काहीच जमत नाही' हे विधान सिद्धान्तासारखे वावरू लागले. ज्या शहरात स्थलांतर हे रूपक नसून रोजचे वास्तव आहे, त्या भिवंडीत ते कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रूपकाची सैद्धान्तिक बाजू

पिढी म्हणजे केवळ जन्मवर्ष नव्हे, हा विचार जुना आहे. कार्ल मॅनहाइम यांनी 1928 मधील आपल्या निबंधात, समान सामाजिक स्थान आणि समान अनुभव यांतूनच पिढी घडते, असे मांडले होते. एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसे दोन निरनिराळ्या जगांत वाढू शकतात. पुढे 2008 मध्ये बेनेट, मॅटन आणि केर्विन या अभ्यासकांनी 'मूळ रहिवासी' या कल्पनेला पुरेसा अनुभवाधिष्ठित आधार नाही, असे दाखवून दिले. स्वतः प्रेन्स्की यांनीही 2009 मध्ये या भेदाऐवजी 'डिजिटल शहाणपण' या संकल्पनेवर भर दिला. तरीही महाविद्यालयीन व्यवहारात जुने रूपकच टिकून आहे. त्याचे कारण ते सोयीचे आहे. विद्यार्थ्याला सर्व येते असे गृहीत धरले की त्याच्याकडे साधन आहे का, हा प्रश्न विचारावा लागत नाही.

दूरसंज्ञापनाचे आद्य वापरकर्ते

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे 7 लाख होती. पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, उर्दूभाषक कुटुंबे आणि परिसरातील आगरी, कुणबी व आदिवासी समाज यांतून हे शहर घडले. ज्याचे घर हजार-दीड हजार किलोमीटर दूर आहे, त्याला दूरसंज्ञापनाची गरज सर्वांत आधी भासते. दुसऱ्याकडून लिहून घेतलेले पत्र, मनीऑर्डर, एसटीडी बूथ हे टप्पे कामगारांच्या जुन्या पिढीने ओलांडले. 2003 पासून भ्रमणध्वनीवर येणारे कॉल विनामूल्य झाले. करावयाच्या कॉलला मात्र पैसे पडत. त्यातून 'मिस्ड कॉल'ची संकेतभाषा रूढ झाली. एक घंटा म्हणजे पोहोचलो, दोन घंटा म्हणजे उलट फोन कर. पैसा न खर्चता अर्थ पोहोचविणारी ही युक्ती कोणत्याही शाळेत शिकवलेली नव्हती.

2013 मध्ये व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेशाची सोय आली आणि 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले. तेव्हा ज्याला लिहिता येत नाही अशा माणसाला पत्रलेखकाची गरज उरली नाही. तो भोजपुरीत किंवा तेलुगूत बोलतो आणि गावाकडे ते जसेच्या तसे ऐकले जाते. वॉल्टर ऑंग यांनी 1982 मध्ये मांडलेली 'दुय्यम मौखिकता' लेखन व मुद्रण यांवर आधारलेली आहे. येथे मात्र बोलणाऱ्यापुरता लेखनाचा टप्पा वगळलाच जातो. मौखिक परंपरेत मुरलेला प्रौढ कामगार या माध्यमात परका नाही, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. वयाचा फरक दिसतो तो कौशल्यापेक्षा लिपीत. देवनागरी, उर्दू आणि तेलुगू या लिपी शेजारी नांदणाऱ्या शहरात तरुण पिढी परस्परांशी रोमन अक्षरांत लिहिते, तर प्रौढ आपली लिपी किंवा आपला आवाज वापरतात.

तरुण, परंतु साधनहीन

रूपकाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाईल होता. 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण पंचविशीतील स्त्रियांपेक्षा बरेच कमी होते. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया सुमारे 33 टक्के, तर पुरुष सुमारे 57 टक्के होते. म्हणजे वयाने जी सर्वांत लहान, तीच साधनापासून अधिक दूर. मार्च 2020 नंतर वर्ग ऑनलाइन झाले, तेव्हा घरातला एकुलता फोन कमावत्या पुरुषाबरोबर बाहेर जात असेल, तर मुलीचा वर्गही त्याच्याबरोबर बाहेर जात होता. अशी विद्यार्थिनी 'मूळ रहिवासी' ठरवली गेल्याने तिची अनुपस्थिती अनास्था म्हणून नोंदली जाण्याचा धोका होता.

मे 2020 च्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक विशेष रेल्वेगाडी सुटली. त्या काळात गावी परतण्याची माहिती, अफवा आणि अर्ज हे सारे भ्रमणध्वनीवरूनच फिरत होते. वर्षभराने, ऑगस्ट 2021 मध्ये, असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. स्वतः नोंदणी करण्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक लागतो. तो नसेल तर सेवा केंद्र गाठावे लागते. सिम हरवले वा क्रमांक बदलला की पन्नाशीचा कामगार अडतो आणि विशीतलाही अडतो. अडसर बोटांच्या सवयीचा नसून कागदपत्रांचा आहे.

समारोप

वय हा घटक निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. लिपीची निवड, गोपनीयतेची जाणीव, अनोळखी संदेशावरील विश्वास यांत वयाचा प्रभाव संभवतो. परंतु भिवंडीसारख्या शहरात त्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतील : फोन कोणाच्या मालकीचा, क्रमांक कोणाच्या नावावर आणि संदेश कोणत्या भाषेत. महाविद्यालयाची सूचना केवळ समूहावर टाकून जबाबदारी संपत नाही. ती फलकावर लागली पाहिजे आणि पालकांना त्यांच्या भाषेतील ध्वनिसंदेशातूनही कळली पाहिजे. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याकडे स्वतंत्र फोन आहे की सामाईक, याची नोंद घेतली तर पुढचे कित्येक गैरसमज टळतील. तरुणाला सारे येते आणि प्रौढाला काहीच येत नाही, ही दोन्ही गृहीतके सोडल्याशिवाय शिक्षकाला आपल्या वर्गातील खरी विषमता दिसणार नाही.