निर्मात्याचा हात

बीटल्स मोठे की त्यांच्या ध्वनिमुद्रिका घडविणारा जॉर्ज मार्टिन मोठा, हा वाद पाश्चात्त्य रसिकांत अद्याप मिटलेला नाही. १९६५ साली ‘यस्टरडे’ या गाण्यास तंतुवाद्यांच्या चौकडीची साथ देण्याची सूचना मार्टिनची. पॉल मॅकार्टनी प्रथम नाखूष होता. पुढे ‘लेट इट बी’ (१९७०) वर फिल स्पेक्टरने वाद्यमेळाचे असे थर चढविले की, भागीदारी मोडण्यासाठी मॅकार्टनीने लावलेल्या दाव्यात तीही एक तक्रार झाली. २००३ मध्ये ते थर उतरवून तीच गाणी पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि गाणी तगली. निर्मात्याने घातलेला साज असा उतरू शकत असेल, तर त्याचा टिकाऊ प्रभाव शोधावा कोठे?

आम्हांस येथे घरचा दाखला आठवतो. आम्हा सिल्वासाकरांस सुधीर फडके हे केवळ गायक नव्हेत. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीजांच्या हातून सुटले, त्या मोहिमेत ते होते. तिच्या निधीसाठी पुण्यास लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. गदिमा आणि बाबूजी ही दोन नावे घेऊन आपण थांबतो. परंतु वर्षभर दर आठवड्यास एक गीत, ही कल्पना आकाशवाणीतील सीताकांत लाड यांची होती. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गीते ५६ झाली.

मार्टिनचा हात ऐकू येतो. लाडांचा येत नाही. त्यांनी एक सूरही लावला नाही. मात्र आठवड्याची वेळ रिकामी जाऊ देणे आकाशवाणीस परवडणारे नव्हते, आणि कवीच्या लहरीस बसलेला तो लगाम आम्हांस ‘गीतरामायणा’च्या आटोपशीर बांधणीत पदोपदी जाणवतो. प्रक्षेपणात माणिक वर्मांसारखे अनेक कंठ होते. पुढे बाबूजी एकटेच सर्व गीते गाऊ लागले. कोंकणी, गुजराती आदी भाषांत ते गेले तेव्हा गदिमांचे शब्दही गळाले. शब्द गेले, कंठ गेले. ५६ गीतांचा तो आराखडा मात्र हलला नाही. या कसोटीवर लाडांचा प्रभाव आम्ही मार्टिनपेक्षा खोल मानतो. अर्थात रसिकांस जिंकले ते चालींनी, हे नाकारण्याइतके आम्ही अरसिक नाही.

वकिली सवयीने कायदाही चाळला. आजचा कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणतो तो पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्यास. व्यवहारात तेथे बहुधा कंपनी बसते, आणि मार्टिनसारखा जाणकार बाहेर राहतो. पण व्याख्येतले ते दोन शब्द लाडांस किती चपखल बसतात!

‘गीतरामायणा’च्या कार्यक्रमांच्या बऱ्याच निमंत्रणपत्रिका आमच्या संग्रही आहेत. परवा त्या पुन्हा काढून पाहिल्या. लाडांचे नाव दोनच पत्रिकांवर सापडले. एकीवर तर आडनाव ‘लाळ’ असे छापले आहे.