चिखलातला घोडा

मी दहावी शिकलेला शेतकरी माणूस. सिनेमावर लिहावं एवढं शिक्षण नाही. पण बैल आणि चिखल या दोन गोष्टी मला कळतात, आणि हा सिनेमा नेमका तिथंच येऊन उभा राहतो, म्हणून लिहितोय.

दिवाळीला थोरल्याकडं पुण्याला गेलो होतो. नात सातवीत आहे. तिनं ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ नावाचा सिनेमा लावला. 1984 सालचा, वोल्फगांग पीटरसन या जर्मन दिग्दर्शकाचा. मिखाएल एंडे यांच्या 1979 च्या जर्मन कादंबरीवरून केलेला. बोलणं सगळं इंग्रजी. नात मधेमधे मराठीत सांगत होती.

गोष्ट अशी. बास्टियन नावाचं आईविना पोरगं शाळेच्या माळ्यावर लपून एक पुस्तक वाचतंय. पुस्तकातलं एक राज्य हळूहळू नाहीसं होत चाललंय. ते वाचवायला अत्रेयू नावाचा पोरसवदा शिकारी निघतो, बरोबर त्याचा पांढरा घोडा आर्टॅक्स. वाटेत दुःखाची दलदल लागते. तिचा गुण असा, की ज्याच्या मनात दुःख शिरलं तो खाली जातो.

घोडा मधेच थांबतो. पोरगं लगाम ओढतं. चुचकारतं, तू माझा दोस्त म्हणतं, दुःखाशी झगड म्हणतं. मग चिडून त्याला मूर्ख म्हणतं, शेवटी नुसतं ओरडतं. घोडा छातीपर्यंत रुतलाय आणि हलत नाही. त्याचं तोंड बुडताना दाखवलेलंच नाही. पुढं दिसतं ते एकटं पोरगं.

नात ओक्साबोक्शी रडायला लागली. सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि पडद्याकडं न बघता पोरीला जवळ घेऊन बसली. लहानपणी तिनंही हा सिनेमा बघितलेला. मुलगा म्हणाला, “अगं, खोटं असतं ते.” खोटं होतंच. त्या घोड्याला खाली जाणाऱ्या फळीवर उभं राहायला शिकवलं होतं. तरी चित्रीकरणात घोडा खरंच मेला अशी अफवा पुष्कळ वर्षं फिरत राहिली. मला या अफवेचं नवल वाटत नाही. एवढं रडू आलं ते एका फळीमुळं, हे माणसाच्या मनाला पटत नाही. काहीतरी खरं मेलं असलंच पाहिजे, असं त्याला वाटतं.

मग रडू येतं कशाचं? सिनेमात घोडी पुष्कळ मरतात. गोळी लागते, कड्यावरून पडतात. तिथं मारणारा कुणीतरी असतो, त्याचा राग येतो आणि रडू मागं राहतं. इथं मारणारा कुणी नाही. आणि घोडा धडपडत नाही. जनावराला भिणाऱ्याला हे कळणार नाही, पण सांभाळणाऱ्याला कळतं. धडपडणाऱ्या जनावराची भीती नसते. ज्यानं धडपड सोडली, त्याची असते.

1986 च्या उन्हाळ्यात आमच्या पाझर तलावाचं पाणी आटत मधोमध गेलं होतं. माझा सर्जा पाण्यासाठी गाळात शिरला आणि पोटापर्यंत रुतला. मी समोर उभा राहून कासरा ओढत होतो. शिव्या देत होतो, मधेच हात जोडत होतो. वेसणीनं नाकातून रक्त आलं, बैल तसूभर हलला नाही. थोरले चुलते आले, त्यांनी आधी माझ्या हातातला कासरा काढून घेतला. म्हणाले, “नाकाला ओढून बैल निघत आसतो व्हय? आत उतर.” आम्ही चौघं गाळात उतरलो. हातांनी पायांभोवतीचा गाळ काढला, खाली कडब्याच्या पेंढ्या आणि तरवडाच्या फांद्या सारल्या, जुनं दार आणून पुढच्या पायाखाली घातलं, पोटाखालून नाडा घेतला. दिवस बुडता बुडता सर्जा बाहेर आला. पायाखाली काहीतरी घट्ट लागलं, तसा तो आपणहून धडपडायला लागला होता.

म्हणून त्या दृश्यात नात रडत होती तेव्हा मला आधी अत्रेयूचा राग आला. हा लगाम कशाला ओढतोय, असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी मला माझा चुलतभाऊ दिसला.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या 2016 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. दोन वर्षं पीक नव्हतं, बोअर आटलेला, बँकेची नोटीस आलेली. तो बोलायचा बंद झाला. पारावर यायचा, बसायचा, उठून जायचा. मी त्याच्यापेक्षा थोरला. रोज सांगायचो, “हिंमत धर. लेकरांकडं बघ. रडतोस काय बाईवाणी?” चुचकारायचो, मग चिडायचो. तो म्हणायचा, “हां दादा.” एवढंच. एक दिवस सकाळी तो गेला. कसा गेला ते लिहीत नाही.

मी त्याला सांगत होतो ते सगळं त्या पोरानं घोड्याला सांगितलंय. क्रमसुद्धा तोच. आधी माया, मग उपदेश, मग राग. मला वाटतं, त्या दृश्यात मोठी माणसं रडतात ती घोड्यासाठी कमी आणि लगाम धरलेल्या हातासाठी जास्त. ज्यानं कुणाला तरी ओढून बघितलंय आणि हात रिकामा राहिलाय, त्याला ते ओळखू येतं.

सिनेमाला हे ठाऊक आहे का? थोडंफार आहे. सुरुवातीला बास्टियनचा बाप सकाळी त्याला सांगतो, आईचं दुःख किती दिवस करणार, पाय जमिनीवर ठेव. तोही लगामच ओढतोय. पोराच्या पायाखाली जमीन नाही, हे त्याला दिसत नाही. आणि पुढं अत्रेयू स्वतः त्याच दलदलीत रुततो. तेव्हा हिंमत कामाला येत नाही. फाल्कोर नावाचा उडता ड्रॅगन येऊन त्याला उचलतो. म्हणजे ओरडून कुणी निघालं नाही, उचलल्यावर निघालं.

पण माझी तक्रारही आहे. दुःख मनात शिरू देणारा बुडतो, असा कायदा केला की बुडणाऱ्याचाच दोष झाला. गाळ कशानं साचला, पाणी कुठं गेलं, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडंही मागं लोक हेच म्हणाले, मनानं कच्चा होता. दुसरी तक्रार शेवटाची. बास्टियनच्या इच्छेनं राज्य परत येतं, आणि माळावर अत्रेयू त्याच घोड्यावर बसून दौडताना दिसतो. नातीनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तिच्या वयाला ते हवं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्यांचा घोडा परत येत नाही, त्यांना सिनेमा तिथं सोडून जातो.

रात्री झोपताना नातीनं विचारलं, “आबा, त्यानं काय करायला पाहिजे होतं?”

मी म्हणालो, “लगाम सोडायचा. आत उतरायचं. पायाखाली काहीतरी द्यायचं.”

“मग घोडा वाचला असता?”

“सांगता येत नाही बाळा. पण एकटा नसता गेला.”

गावी परत आलो. आमच्या आळीत एकजण हल्ली बोलायचा बंद झालाय. पूर्वी मी पारावरनं चार शब्द सुनावले असते. परवा त्याच्या रानात गेलो, त्याचा अर्धा राहिलेला बांध त्याच्याबरोबर घातला आणि दुपारी तिथंच त्याच्याजवळ बसून भाकरी खाल्ली. हिंमत धर म्हणालो नाही. उद्या पुन्हा जाणार आहे.