दोन रकाने, दोन कामे: ‘दर्पण’चे पान आणि आजचा अहवाल

मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेले ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या पानाच्या मांडणीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. बाळशास्त्री जांभेकरांच्या या पत्रात पानावर दोन उभे रकाने असत, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. व्यावसायिक दस्तऐवजांची मांडणी शिकताना हे पान बारकाईने पाहावे.

रकान्यांचे दोन प्रकार आहेत. प्रवाही रकान्यात मजकूर पहिल्या रकान्याच्या तळाशी संपून दुसऱ्याच्या माथ्यावर सुरू होतो. समांतर रकान्यांत दोन मजकूर शेजारी शेजारी स्वतंत्रपणे चालतात. ‘दर्पण’चे रकाने दुसऱ्या प्रकारचे होते. मराठी वाचकाला आपल्या भाषेत ज्ञान मिळावे आणि इंग्रजी राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे म्हणणे कळावे, हे दोन्ही हेतू एकाच पानावर साधले. कोणतीही भाषा तळटीप किंवा परिशिष्ट झाली नाही. ही या मांडणीची खरी ताकद होय.

तिची किंमतही आहे. एकच भाषा जाणणाऱ्या वाचकाला अर्ध्याच पानाचा उपयोग होतो. शिवाय दोन भाषांत मजकुराची लांबी सारखी नसते, त्यामुळे एक रकाना मागे पडतो. म्हणून दोन्ही वाचक खरोखर असतील तेथेच ही मांडणी योग्य ठरते.

बंगळूरुमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. बँकेचा अर्ज किंवा कारखान्यातील सुरक्षा-सूचना कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत लागते. असे काम दिले की अनेक विद्यार्थी वर्डमधील ‘कॉलम्स’ची आज्ञा वापरतात. ती प्रवाही रकाने देते. कन्नड मजकुरात एक ओळ वाढली की पुढचे सगळे सरकते आणि सूचना क्रमांक ४ समोर भलतीच सूचना येते. यंत्राजवळच्या फलकावर ही चूक केवळ सौंदर्याची राहत नाही. येथे रेघा नसलेला तक्ता घ्यावा आणि प्रत्येक सूचनेला एक ओळ द्यावी. लाटेक्समध्येही हाच भेद आहे: ‘मल्टिकॉल’ प्रवाही रकान्यांसाठी, तर ‘पॅराकॉल’ समांतर रकान्यांसाठी.

प्रवाही रकान्यांचे समर्थन वेगळे आहे. ओळ फार लांब असली की डोळा पुढच्या ओळीचा आरंभ चुकतो. आयट्रिपलईच्या नियतकालिकांत रकाना ३.५ इंचांचा असतो तो म्हणूनच सोयीचा वाटतो. ए४ कागदावर २० मिलिमीटरचे समास आणि रकान्यांमध्ये ६ मिलिमीटर जागा सोडली, तर दोन रकाने प्रत्येकी ८२ मिलिमीटरचे होतात. तीन केले तर जेमतेम ५२. मराठीत प्रत्यय जोडून शब्द लांबतात. इतक्या अरुंद रकान्यात ओळी दोन्ही बाजूंनी जुळवल्या की शब्दांमध्ये खिंडारे पडतात. म्हणून देवनागरीत तीन रकाने शक्यतो टाळावेत, आणि रकाना अरुंदच ठेवावा लागला तर मजकूर फक्त डावीकडे जुळवावा.

दुसरी अडचण पडद्याची. छापील पानावर दोन रकाने शोभतात. तेच पान मोबाइलवर उघडले की वाचकाला खाली जाऊन पुन्हा वर यावे लागते. ज्या अहवालाचे वाचन मुख्यतः मोबाइलवर होणार आहे, त्याला एकच रकाना द्यावा. केवळ ‘प्रोफेशनल’ दिसावे म्हणून केलेले दोन रकाने वाचकाचे काम वाढवतात.

तेव्हा रकाने पाडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. वाचक किती प्रकारचे आहेत? मजकूर एकामागून एक वाचायचा आहे की समोरासमोर? वाचन कागदावर होणार की पडद्यावर? ‘दर्पण’च्या पानाने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चोख दिली होती. तिसरा प्रश्न आपल्या काळाचा आहे.

सराव: आपल्या महाविद्यालयातील कोणतीही दोन भाषांतील सूचना घ्या. ती प्रवाही रकान्यांत आणि तक्त्यात, अशी दोनदा मांडा. मग एका भाषेत एक वाक्य वाढवून काय बिघडते ते पाहा.