‘शर्करा-संकेत’ : एका रूपकाची चिकित्सा

रोगप्रतिकारक पेशी कर्बोदकांचे रेणू कसे ओळखतात, याविषयीच्या लेखनात ‘शर्करा-संकेत’ हे रूपक आता रूढ झाले आहे. शर्करांची साखळी ही लिपी आणि पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन हा तिचा वाचक, असा त्याचा आशय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या रूपकाची परीक्षा करणे अप्रस्तुत ठरू नये.

रूपक सर्वस्वी निराधार नाही. एकाच अमिनो आम्लाचे दोन रेणू नेहमीच्या पेप्टाइड बंधाने एकाच रीतीने जोडले जातात. षट्‌कोनी वलयरूपातील ग्लुकोजचे दोन रेणू मात्र ११ रीतींनी जोडता येतात. भेद दर्शविण्याचे सामर्थ्य शर्करांत विपुल आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु भेद असणे म्हणजे अर्थ असणे नव्हे. डेक्टिन-१ या ग्राहीचे उदाहरण घ्यावे. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकान तो धरतो, हे गॉर्डन ब्राउन व सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखविले. पुढे २०११ मध्ये असे सिद्ध झाले की, विरघळलेले आणि कणरूप अशी दोन्ही बीटा-ग्लुकाने हा ग्राही धरतो. पेशी मात्र कणामुळेच जागृत होते. कणाच्या पृष्ठभागाशी ग्राही एकत्र येतात आणि संदेश दाबून ठेवणारी सीडी४५ व सीडी१४८ ही प्रथिने त्या जागेतून बाहेर सारली जातात. म्हणजे अक्षर तेच, वाचकही तोच. फलित मात्र भिन्न.

भाषेतही अर्थ संदर्भावर अवलंबून असतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तथापि भाषेत संदर्भ जाणणारा श्रोता असतो. येथे निर्णय होतो तो कणाच्या आकारमानाने व प्रथिनांच्या स्थानांतराने.

१९५४ मध्ये विल्यम बॉइड व एलिझाबेथ शॅपली यांनी रक्तगटांत निवड करणाऱ्या वनस्पतिज प्रथिनांना ‘लेक्टिन’ हे नाव सुचविले. त्यामागील लॅटिन धातूचे ‘वेचणे’ आणि ‘वाचणे’ असे दोन्ही अर्थ होतात. त्यांना अभिप्रेत होते ते वेचणे. रूपकाने त्याचे वाचणे केले.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. धरणे म्हणजेच ओळखणे असे मानणारा विद्यार्थी, कोणतेही बीटा-ग्लुकान पेशीला चेतविते, असा चुकीचा निष्कर्ष काढील. म्हणून मराठी शास्त्रीय लेखनात ‘बंधन’ व ‘प्रतिसाद’ या संज्ञा पृथक् ठेवाव्यात आणि दोन्ही घडल्यावरच ‘ओळख’ हा शब्द योजावा, हे इष्ट होय.